दातांच्या दवाखान्यातला चरखा

मी एक जुना चरखा आहे, पण मित्रांनो, माझ्यावर सूत निघत नाही. हे नाव मला चिंचवडच्या लोकांनी दिले. मला एक मोठे चाक आहे, चाकावरून वर गेलेला चामडी पट्टा आहे आणि खाली पायाने दाबायची पट्टी आहे. डॉक्टर पायाने पट्टी दाबतात, चाक फिरते, पट्टा ती गती वर नेतो आणि डॉक्टरांच्या हातातल्या दांडीच्या टोकाला बसवलेली बारीक कोरणी गरगर फिरू लागते. त्या कोरणीने दाढेतली कीड काढायची आणि मग त्या खड्ड्यात चांदी भरायची. हे माझे काम. ऐकायला ते फार मोठे वाटत नाही, मलाही वाटत नाही. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही, याविषयी मी पुष्कळ दिवस विचार केला. पण एका मुलाच्या तीन दाढा माझ्या मनातून जात नाहीत, म्हणून सांगतो.

माझा जन्म विलायतेतला. त्याविषयी मला थोडेच आठवते, आणि जे आठवते ते खरोखरच आठवते की कुणाच्या तोंडून ऐकलेले आहे, याची खात्री नाही. लाकडी खोक्यात गवताच्या पेंढ्यात गुंडाळून मला बोटीत चढवले, एवढे नक्की. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. खोके उघडले तेव्हा मी देहूरोडच्या छावणीत होतो, लष्करी दातांच्या दवाखान्यात.

तिथे एक कॅप्टनसाहेब होते आणि त्यांच्या हाताखाली यशवंतराव नावाचे चिंचवडचे तरुण मदतनीस होते. भरतीला आलेल्या मुलांची छाती, उंची दुसऱ्या खोलीत मोजत. दात आमच्या खोलीत मोजत. हो, मोजत. तिथे दातांना गुण असत. पुढच्या आणि मधल्या दातांच्या प्रत्येक जोडीला एक गुण, मागच्या दाढांच्या जोडीला दोन. जोडी म्हणजे वरचा दात आणि त्यावर टेकणारा खालचा दात. खालची दाढ नसली तर वरची असून नसल्यासारखी. असे चौदा गुण भरले तरच मुलगा पुढे जाई. चांदी भरलेली दाढ मात्र धडधाकट दाढेइतकीच धरत. साहेब तोंडात पाहून आकडे सांगत आणि यशवंतराव ते वहीत लिहीत. एखाद्याचे गुण काठावर असले की साहेब माझ्याकडे बोट दाखवत. मग मी त्याची किडकी दाढ वाचवी आणि तो मुलगा फौजेत जाई. त्या दिवसांत मला थोडा गर्व होता, तो कबूल केलेला बरा.

लढाई संपली. छावणीतल्या जास्तीच्या सामानाचा लिलाव झाला. यशवंतराव तोवर साहेबांच्या हाताखाली पुरते शिकले होते. सरकारदरबारी त्यांचे नाव दातांचे डॉक्टर म्हणून नोंदले गेले आणि त्यांनी मला लिलावात घेतले. बैलगाडीतून मी चिंचवडला आलो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सन एकोणीसशे पन्नासची ही गोष्ट.

पहिली दीड-दोन वर्षे दिवसाला चार रोगी आले तरी पुष्कळ. एक दाढ भरायला डॉक्टरांना तासभर माझी पट्टी दाबावी लागे. पाय चालता ठेवायचा म्हणून असेल, किंवा रोग्याची भीती जावी म्हणून असेल, ते सारखे बोलत. काय काम करता, घरी कोण कोण, उद्या कुठे जायचे आहे, सगळे विचारत. रोग्याचे तोंड उघडे. तो 'आँ' आणि 'ऊं' एवढेच म्हणे. पण डॉक्टरांना त्यातले सगळे कळे.

काळेवाडीच्या गोजाबाई भाजी विकायला चिंचवडला येत. त्यांची दाढ भरायला घेतली तो दिवस मला आठवतो.

"गोजाबाई, मिश्री लावता ना?" डॉक्टरांनी विचारले.

"लावते की. तुमची आई लावीत न्हाई?"

"लावायची. तिचे दात बघूनच मी हा धंदा धरला."

"मंग उपकार माना मिश्रीचं," गोजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडले.

मी लोकांना दुखवीत असे, हेही सांगतो. माझा आवाज माशी घोंघावल्यासारखा होता आणि कोरणी तापली की माणूस खुर्चीचे हात घट्ट धरी. माझ्या नावाने पुष्कळांनी शिव्या दिल्या आहेत. तरी मी कोरलेली दाढ पुढे वर्षानुवर्षे भाकरी चावी. गोजाबाई बाजाराच्या दिवशी दारातूनच ओरडून सांगत, "हाय बरं का अजून!"

मग चाकणचे ज्योतीराम आले आणि दवाखान्याचे दिवस पालटले.

ज्योतीराम चाकणच्या बाजारातले बैलांचे हेडी होते. बैलाचा खालचा ओठ ओढून दात पाहायचे आणि वय सांगून सौदा जुळवायचा, यात त्यांची हयात गेली होती. त्यांचे स्वतःचे सगळे दात मात्र हलत होते. डॉक्टरांनी ते काढले आणि त्यांना वरखाली पुरी कवळी बसवून दिली. कवळी सुंदर झाली होती. ज्योतीराम भर बाजारात ती तोंडातून काढून हातावर धरत आणि म्हणत, "बैलाचं दात मागनं बघा, आधी माजं बघा!"

पुढच्याच आठवड्यात चाकणहून सहा माणसे आली. मग तळेगावहून आली, देहूहून आली. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्यामुळे बाहेरगावचे पुष्कळ लोक आसपास राहायला आले होते. त्यांच्यातलेही येऊ लागले. कंपाउंडर म्हणून डॉक्टरांनी अर्जुनरावांना ठेवले. अर्जुनराव हुशार आणि कामाला चोख. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना सरळ सांगितले, "डॉक्टर, चरख्यावर एक दाढ भरता तेवढ्या वेळात सात काढून होतात. आणि काढल्या की त्या माणसाला पुढे कवळी लागतेच. चरखा आपल्याला परवडत नाही."

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तो माझा जुना सोबती आहे, अर्जुनराव."

"सोबती आहे ना? मग बाहेर बाकाशेजारी बसवू. लोकांना सोबत होईल."

मित्रांनो, यात डॉक्टरांनी काही पाप केले असे मी म्हणत नाही. त्यांची पकड, चिमटे रोज उकळलेले असत. हात हलका होता. दात काढताना माणसाला कळत नसे. गरिबाला ते बिनपैशाने तपासत. पुण्याहून नवी खुर्ची आली, काचेचे कपाट आले, त्यात कवळ्या मांडल्या गेल्या. बाहेर रंगवलेली मोठी पाटी लागली. धंदा नीट चालवणे हा गुन्हा नाही. फक्त त्यांचे बोलणे कमी झाले. दात काढायला पाच मिनिटे लागतात, पाच मिनिटांत माणूस काय बोलणार? "कोणता?" आणि "चूळ भरा," एवढे दोन शब्द पुरत.

मला बाहेरच्या खोलीत बाकाशेजारी उभे केले आणि माझ्यावर चौकड्याची चादर टाकली. लोक माझ्या दांडीला टोप्या अडकवत, चाकाला पिशव्या. पहिल्या वर्षी अर्जुनराव सणासुदीला माझ्या चाकात तेल घालत. मग तेही राहिले. मला वाईट वाटे, पण वाटे की माझेच चुकत असेल. जगाला घाई झाली आहे आणि मी हळू आहे, तर दोष कुणाचा?

अशी चार वर्षे गेली. छप्पन साल आले.

एका सकाळी ज्योतीराम कवळी घासून घ्यायला आले होते आणि बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी एक म्हातारा आणि एक तरुण मुलगा येऊन बसले. ज्योतीरामांना गप्प बसवत नसे.

"कुठलं पाव्हणं?"

"काळेवाडी. मी सोनबा, आन ह्यो माजा भैरू."

"दुखतंय काय?"

"दुखतंय म्हंजी एक ठणकती मधनं मधनं. त्याचं काय न्हाई. पन ह्याला भरतीला जायचं हाय, खडकीला. दोन आठवडं ऱ्हायल्यात. रान कारखान्यात गेलं. पैकं आलं, त्यात लेकीचं लगीन झालं, घरावर पत्रं आलं. आता रान न्हाई तर पोरानं करायचं काय? वय बी ह्याच साली बसतंय. पुढल्या साली गेला तर दारातनंच हाकलतील."

"रान गेलं म्हनून न्हाई, आबा," भैरू हळूच म्हणाला. "मला जायाचंच हाय. रान असतं तरी गेलो असतो."

"बघा. रोज तांबडं फुटायच्या आत चिंचवडच्या पुलापतोर पळत जातो आन येतो. म्या म्हनतो, आरं बैलाला तरी एवढं पळवत न्हाईत."

ज्योतीराम सरकून भैरूच्या समोर आले. "उघड तोंड. लाजतो काय, ही माजी रोजची नोकरी हाय." त्यांनी दोन बोटांनी भैरूचा खालचा ओठ ओढला. मी शेजारीच होतो. चादरीला एक भोक पडले होते, त्यातून मलाही दिसले. दात पांढरे, सरळ, एकसारखे. अक्कलदाढा अजून आल्या नव्हत्या. खाली मात्र दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दाढांवर काळे होते. उजवीकडची शेवटची पार पोखरली होती. बाकीच्या तिन्हींवर नुसता ठिपका. एकेक तासाचे काम.

"चार काळ्या," ज्योतीरामांनी निकाल दिला. "आता मी सांगतो ते ऐका. भरतीचा सायब म्हंजी तरी कोन? हेडीच की. त्यो बी तोंड उघडून बघनार. बाजारात जनावर न्यायच्या आधी खोट काढून टाकायची असती. काळा डाग दिसला का भाव पडला. चारी काढून टाका. तोंड कसं, धुतल्यावानी दिसलं पायजे."

"ह्या तीन दुखत न्हाईत पन," भैरू म्हणाला.

"आज न्हाई दुखत. सायबाच्या म्होरं दुखल्या तर?"

सोनबांना ते पटले. उभा जन्म त्यांनी बैल घेताना आणि विकताना असेच केले होते.

मी मात्र चादरीखाली हादरून गेलो होतो. मला हिशेब ठाऊक होता. भैरूचे गुण अठरा होत होते. ती पोखरलेली एक काढून तीन भरल्या तर सोळा राहत. चारही काढल्या तर खाली एकही दाढ उरणार नाही, वरच्या चारही निकामी, आणि गुण उरणार दहा. साहेब डाग पाहत नाही, साहेब दात मोजतो. हे ज्योतीरामांना ठाऊक नव्हते, सोनबांना नव्हते. त्या दवाखान्यात ते दोघांनाच ठाऊक होते, मला आणि आत खुर्चीपाशी उभ्या असलेल्या यशवंतरावांना.

"चला, पुढचे!" अर्जुनरावांनी पडद्यातून हाक दिली.

आतले बोलणे मला ऐकू येत होते. डॉक्टरांनी विचारले, "कोणती?" सोनबा म्हणाले, "खालच्या चारी काढा, डाक्टर. समदं साफ पायजे." डॉक्टर म्हणाले, "आज उजवीकडच्या दोन काढू. परवा डावीकडच्या." आणि पकड वाजली. पोराला काय झाले आहे, समदं साफ कशासाठी पाहिजे, हे त्यांनी विचारले नाही. बाहेर नऊ माणसे बसली होती.

भैरू गालात कापूस धरून बाहेर आला. दोन दाढा गेल्या, चार गुण गेले. चौदा उरले. बरोबर चौदा. मी स्वतःला म्हटले, अजून काही बिघडलेले नाही. परवा डॉक्टर विचारतील.

परवा ते दोघे आले. या खेपेला पडद्यापाशी भैरू थबकला. आत जाण्याऐवजी त्याने धीर करून विचारले, "डाक्टर, ह्या दोन भरता यायच्या न्हाईत का? चांदीनं? गोजाआत्याची तुमी भरलीया. ती अजून त्याच दाढनं हरभरं फोडती."

 डॉक्टरांच्या तोंडावर जुने हसू आले. "गोजाबाईचा भाचा काय तू?" असे म्हणून ते बाहेर आले. त्यांनी माझ्यावरच्या टोप्या काढून बाकावर ठेवल्या, पिशव्या काढल्या, चादर ओढली. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. चार वर्षांनी त्यांचा पाय माझ्या पट्टीवर पडला.

चाक अर्धे फिरले. पुरे फिरले. दुसऱ्या फेऱ्याला माझा पट्टा तुटला.

चाकाला थोडे तेल मिळाले होते, पण चार वर्षांत पट्ट्याला थेंबही मिळाला नव्हता. चामडे वाळून पापडासारखे झाले होते. ते तडकले आणि तुटका तुकडा फाडकन बाकावर जाऊन पडला. बाकावरची माणसे हसली. कुणीतरी म्हणाले, "चरखा संपावर गेला!" डॉक्टरही ओशाळून हसले.

"डॉक्टर, नवा पट्टा विलायती दुकानातून मागवावा लागेल," अर्जुनराव म्हणाले. "पंधरा दिवस धरा. आणि बाहेर अकरा जण आहेत."

"पंधरा दिवस थांबता का?" डॉक्टरांनी सोनबांना विचारले. "मग दोन-तीन फेऱ्यांत भरून देतो."

"न्हाई, तेवढा येळ न्हाई आमच्यापाशी," सोनबा म्हणाले. "काढा."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

वेळ का नाही, एवढे विचारले असते तर पुरे होते. भैरूने बापाकडे पाहिले आणि तो आत गेला. चादर पुन्हा माझ्यावर आली. पट्टा टिकला असता तर, हा विचार मी त्या दिवसापासून करतो आहे. तो माझाच भाग होता. मग दोष माझाही होतोच.

महिन्याने सोनबा आणि भैरू परत आले. भैरू दारातच उभा राहिला. सोनबा रांगेतून सरळ पडद्यापर्यंत गेले.

"डाक्टर, पोरगं नापास झालं."

"कशात?" डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"भरतीत. उंची भरली. छाती भरली. पळण्यात पयला आला. मंग सायबानं तोंड उघडाय लावलं. म्या लांबनं बघतुया, मनात म्हनतो, आता बघ म्हनावं, एक डाग घावतोय का. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं. म्हनला, साफ हायत, पन हायत कुठं? कागदावर धा लिवलं आन बाजूला काढलं."

 डॉक्टर बाकाच्या कडेवर बसले. "चौदा लागतात," ते म्हणाले. "मी स्वतः लिहीत होतो. चौदा लागतात."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"एकच काढायची होती, सोनबा. तीन भरल्या असत्या तर सोळा झाले असते. तुम्ही भरतीचं बोलला नाहीत."

"तुमी इचारलं न्हाई."

 अर्जुनराव पुढे होऊन म्हणाले, "बाबा, यात कुणाचाच दोष नाही. नशीब."

"नशिबाला कशाला मधी आनता," सोनबा म्हणाले. "म्याच म्हनलो काढा. बैलाची अक्कल लेकराला लावली."

ते गेल्यावर डॉक्टरांनी उरलेल्या लोकांना घरी पाठवले. मग ते पलीकडच्या तिसऱ्या दुकानातल्या शिंप्याकडे गेले आणि शिवणयंत्राचा चामडी पट्टा घेऊन आले. तो त्यांनी माझ्या चाकावर बेतला, टोके तारेने जोडली, तेल पाजले. मी फिरू लागलो. या सगळ्याला अर्धा तास लागला. पंधरा दिवस नव्हे, अर्धा तास. डॉक्टर किती तरी वेळ रिकामी पट्टी दाबत बसले होते.

त्यानंतर मी पुन्हा आतल्या खोलीत गेलो. आता सकाळचे दोन तास ते फक्त दाढा भरतात आणि प्रत्येकाला विचारतात, कुठे जायचे आहे, काय करायचे आहे. दवाखाना पहिल्याइतकाच चालतो. त्यामुळे काही बुडाले नाही. उलट माणसे म्हणतात, डॉक्टर फार आपुलकीने चौकशी करतात. ते ऐकले की डॉक्टर दुसरीकडे पाहतात. मी त्यानंतर शेकडो दाढा वाचवल्या असतील. लोक माझे कौतुक करतात आणि मला ते घेववत नाही.

मागच्या वर्षी गोजाबाईंना घेऊन भैरू आला होता. आपल्याच जुन्या रानावर उभ्या राहिलेल्या कारखान्यात तो आता बाटल्यांची खोकी उचलतो. अंगाने भरला आहे, पण गाल थोडे आत गेले आहेत. गोजाबाईंचे काम झाल्यावर डॉक्टर त्याला म्हणाले, "भैरू, बस खुर्चीत. दाढा बसवून देतो. पैसे नकोत. चांगल्या होतील."

"नगं, डाक्टर."

"अरे, जेवताना त्रास होत असेल."

"हुतो थोडा. सवय झाली." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. "ज्या सायबानं बघायचं हुतं त्यानं बघितलं. आता कुनाला दाखवायचं हायत?"

त्याने आत्याचा हात धरला आणि तिला सांभाळून पायरी उतरवली. डॉक्टर खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत होते. मग त्यांनी पुढच्या माणसाला बोलावले, आणि काय काम करता, असे विचारले. त्या माणसाला आपल्या कामाविषयी पुष्कळ सांगायचे होते. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याचा मला काही अधिकार आहे असे मला वाटत नाही. तरी दोन गोष्टी मागतो. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र कोपऱ्यात उभे असेल, तर महिन्यातून एकदा त्याला तेल द्या. ते रोज लागणार नाही, पण लागेल त्या दिवशी त्याने दगा दिला तर ते स्वतःला कधी क्षमा करू शकत नाही. आणि उद्या तुम्ही डॉक्टर व्हा, दुकानदार व्हा, मास्तर व्हा, तुमच्या दारात खूप गर्दी होवो. पण समोर येऊन बसलेल्या माणसाला एवढे जरूर विचारा, की बाबा रे, हे तुला कशासाठी हवे आहे? भैरू माझ्या शेजारी बसला होता तेव्हा मला सगळे माहीत होते, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.